डाळभाजीत प्रथिनं हवीत तर आधी पाणी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील सत्तरीला आलेले, मोठ्या आजारपणातून नुकतेच उठलेले, वजन साठ किलोच्या आसपास. डॉक्टरांनी आहारात प्रथिनं वाढवायला सांगितलीत. घर शाकाहारी, अंडंही चालत नाही. वडिलांना लग्नाच्या पंगतीतली वऱ्हाडी डाळभाजी फार आवडते, म्हणून तुम्ही पुण्यात ती करून पाहिली. चण्याच्या डाळीत कणी राहिली, पालक काळपट पडला, आणि रात्री वडिलांचं पोट फुगलं. आता तुम्ही विचारताय की डाळीतच प्रोटीन पावडर ढवळून टाकली तर चालेल का.

पावडरचं आधी सांगते. डॉक्टरांनी ती लिहून दिली असेल तर दुधातून किंवा ताकातून द्या. उकळत्या डाळीत ती गुठळ्या धरते, चव बिघडवते, आणि आजारी माणसाची जेवणावरची वासना आधीच कमी असते. आवडीचा पदार्थच नावडता झाला तर केवढं नुकसान! शिवाय डाळभाजी नीट केली तर तिच्यात वरून काही घालायची गरज पडत नाही.

मी अमरावतीकडची. घरात पंगतीच्या स्वयंपाकाचं काम होतं, त्यातच शिकले, आणि आता बरीच वर्षं डबे देते. त्यातले पुष्कळ डबे आजारातून उठलेल्या माणसांचे असतात. आहारतज्ज्ञांची चिठ्ठी येते, त्यावर प्रथिनांचा आकडा असतो, आणि तो आकडा वाटीत कसा उतरवायचा हे माझं काम. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यावर माझी नजर गेली ती तुम्ही दिलेल्या मापावर. चार माणसांसाठी एक छोटी वाटी तुरीची डाळ, मूठभर चण्याची डाळ, आणि एकूण सहा-सात वाट्या पाणी.

खरी अडचण इथे आहे. कोणत्याही नेहमीच्या डाळीत, म्हणजे तूर, मूग, मसूर, चणा, उडीद, १०० ग्रॅम कोरड्या डाळीमागे २१ ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. मसूर आणि मूग थोडे पुढे, तूर आणि चणा थोडे मागे, पण फरक दोन-तीन ग्रॅमचा. 'कोणती डाळ घेऊ' यावर लोक फार डोकं लढवतात, 'किती घेऊ' यावर कोणी बोलत नाही. तुमच्या मापात कोरडी डाळ साधारण १०० ग्रॅम होते. म्हणजे अख्ख्या पातेल्यात २२ ग्रॅम प्रथिनं, माणशी साडेपाच. त्यातही आजारी माणसाला आपण वरचं पातळ वाढतो आणि गाळ तळाशी राहतो, म्हणजे वडिलांच्या वाटीत त्याहूनही कमी गेलं असणार. डाळीचं नुसतं पाणी 'ताकदीचं' म्हणून पाजतात, त्यात तर प्रथिनं नावालाच असतात. ताकद डाळीत आहे, पाणी फक्त तिला पातळ करतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ माणसासाठी दिलेलं प्रमाण रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं असं आहे. साठ किलोला पन्नास ग्रॅम. हे निरोगी माणसाचं. आजारातून उठलेल्याला डॉक्टर बहुधा याहून जास्त सांगतात. तो आकडा त्यांच्याकडूनच घ्या, आणि घेताना एक गोष्ट नक्की विचारा: वडिलांची किडनी ठीक आहे ना? रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल तर मी खाली लिहिलेलं माप तसंच्या तसं वापरू नका. तिथे प्रथिनं किती द्यायची हे डॉक्टरच ठरवतात, आणि पालक-डाळीतल्या पोटॅशियमचाही विचार करावा लागतो. मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल तर पालक आणि आंबट चुका या दोन्ही पालेभाज्या टाळा, कारण त्यांत खडा धरायला कारण होणारं ऑक्झलेट भरपूर असतं. दुधी किंवा दोडका घालून डाळ करा. ती वऱ्हाडी डाळभाजी होणार नाही, पण चांगली लागते.

आता माझं माप. चार माणसांसाठी तुरीची डाळ १२५ ग्रॅम, चण्याची डाळ ७५ ग्रॅम, कच्चे शेंगदाणे ५० ग्रॅम, बेसन दोन मोठे चमचे, पालक ३०० ग्रॅम, आंबट चुका एक लहान जुडी. वाटीच्या हिशोबावर जाऊ नका, प्रत्येक घरची वाटी वेगळी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजा, आपल्या वाटीत ते कुठवर येतं ते बघून ठेवा, मग रोज मोजायला नको.

याचा हिशोब असा बसतो. दोन्ही डाळींतून ४३ ग्रॅम, शेंगदाण्यांतून १२, बेसनातून ४, भाजीतून जेमतेम सहा-सात. एकूण ६५ च्या पुढे, माणशी सोळा. सोबत दोन पोळ्या आणि वाटीभर दही घेतलं की एका जेवणात २५-२६ ग्रॅम होतात, वडिलांच्या दिवसाच्या किमान गरजेच्या निम्मे. शेंगदाणे आणि बेसन मी प्रथिनांसाठी वेगळे आणलेले नाहीत, ते आमच्याकडच्या डाळभाजीत पहिल्यापासून असतातच. पंगतीचा हा पदार्थ पोटभरीचा लागतो तो यामुळेच.

पालकाचं जाता जाता सांगते, कारण तुम्ही 'पालक दुप्पट घालू का' असं विचारलंय. १०० ग्रॅम पालकात दोन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पालक घाला तो फोलेट या जीवनसत्त्वासाठी, तंतूंसाठी, चवीसाठी. प्रथिनं वाढवायला पालक वाढवलात तर भाजीचा लगदा होईल आणि डाळ त्यात हरवेल.

आता कणी का राहिली ते. तुम्ही डाळ, पालक, चुका आणि टोमॅटो सगळं एकत्र कुकरला लावलं. आंबटात डाळ शिजत नाही. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आम्लात लवकर विरघळत नाही, त्यामुळे दाणा आतून घट्ट राहतो. तूर मऊ असल्यामुळे कशीबशी निभावते, चणा अडून बसतो. चुका, चिंच, टोमॅटो, कैरी, आमसूल, काहीही आंबट असो, डाळ पूर्ण शिजल्यावरच घालायचं. दुसरं कारण पाणी असू शकतं. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं असं तुम्ही लिहिलंय. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हेच काम करतं, पेक्टिन घट्ट धरून ठेवतं. डाळीपुरतं तरी फिल्टरचं किंवा पिण्याचं पाणी वापरा. तिसरं, डाळ जुनी असेल तर ती कितीही शिट्ट्या झाल्या तरी हट्ट सोडत नाही. आजारी माणसाच्या घरात डाळ थोडी थोडी आणावी.

सोड्याची चिमूट हा पुष्कळांचा उपाय आहे. मी तो करत नाही. सोड्याने डाळ मऊ पडते खरी, पण ब१ जीवनसत्त्व जातं, डाळीला बुळबुळीतपणा येतो आणि सोडियम वाढतं. मिठाबद्दल मात्र भीती बाळगू नका, सुरुवातीला मीठ घातल्याने डाळ अडत नाही.

पद्धत सांगते. चण्याची डाळ आणि शेंगदाणे दोन तास भिजवा, तुरीची अर्धा तास. भिजवलेलं पाणी टाकून द्या. तूर, चणा आणि शेंगदाणे एकाच कुकरमध्ये, डाळीच्या अडीचपट-तिप्पट पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि चमचाभर तेल. तेलाने फेस कमी येतो. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, डाळीचा फेस शिट्टीच्या नळीत अडकतो. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि बारा-पंधरा मिनिटं ठेवा. मोठ्या आचेवर सात-आठ शिट्ट्या घेण्यापेक्षा हे बरं. मोठ्या आचेवर तूर तळाला लागते आणि चणा तसाच राहतो. वाफ आपोआप जिरू द्या.

झाकण उघडल्यावर चण्याचा एक दाणा चिमटीत घ्या. आकाराने तो अख्खा दिसला पाहिजे, पण अंगठ्याने दाबताच पिठासारखा पसरला पाहिजे. पसरलेल्या दाण्याच्या मधोमध पांढरट ठिपका दिसला, तर तीच तुमची कणी. पुन्हा झाकण लावा आणि बारीक आचेवर पाच मिनिटं द्या. या दाण्याची खात्री झाल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नका, कारण चुका पडला की मग डाळ शिजायची थांबते. तूर तोवर विरघळून गेलेली असते, ती तशीच हवी. डावाच्या पाठीने तूर तेवढी मोडा, रवी फिरवू नका. डाळभाजी घोटून एकजीव करणं मला पटत नाही. दाताखाली चण्याची डाळ आणि शेंगदाणा आला पाहिजे, नाहीतर ती पालकाची पातळ भाजी झाली.

कुकर होतोय तोवर भाजी वेगळी शिजवा. पालक आणि चुका निवडून, तीन-चार पाण्यांतून धुऊन, जाडसर चिरा. कोवळे देठ टाकू नका. कढईत दोन चमचे तेल, जिरं, ठेचलेलं आलं आणि हिरवी मिरची, त्यावर आधी पालक. झाकण न ठेवता पाच मिनिटं. पालकाने पाणी सोडलं आणि तो बसला की चुका घाला, तो दोन मिनिटांत विरघळतो. रंगाबद्दल तुम्ही फार वाईट वाटून घेतलंय, तर हेही सांगते. आंबटाने आणि उष्णतेने हिरव्या रंगाचा शेवाळी होणारच. पंगतीतली डाळभाजीही शेवाळीच असते, आठवून बघा. तुमची काळपट झाली कारण पालक कुकरच्या वाफेत बराच वेळ कोंडला गेला. वेगळा, उघडा आणि थोडाच वेळ शिजवलात तर रंग छान राहील. चुका मिळाला नाही तर चिंचेचा कोळ चालेल. अंबाडी घेतलीत तर चुक्याच्या निम्मीच घ्या, ती फार आंबट असते.

आता शिजलेली डाळ भाजीत ओता, मीठ, धने-जिरे पूड आणि लागलं तर आधणाचं पाणी घाला. गार पाणी घालू नका. डाळ उकळायला लागली की बेसनाचं आळण लावायचं. बेसन गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, ताकाइतकं पातळ करा, आणि एका हाताने ढवळत बारीक धारेने सोडा. इथे कानाने स्वयंपाक करायचा. आधी पातळ उकळीचा खळखळ आवाज असतो. बेसन शिजत गेलं की डाळ आळून येते, बुडबुडे मोठे आणि जड होतात, आणि रटरट आवाज यायला लागतो. तिथून पुढे आठ-दहा मिनिटं बारीक आचेवर ठेवा, मधूनमधून तळापासून ढवळा. वास घेऊन बघा. बेसनाचा कच्चट वास पूर्ण गेला पाहिजे. पोट फुगायला अर्धकच्चं बेसनही तितकंच कारण असतं. शेवटी डाव उचलून धरा. डाळ धारेने पडायला नको, गोळ्याने पडायलाही नको. डावाच्या कडेवरून जाडसर ओघळली की झालं. हा दाटपणा तुमच्या प्रथिनांचं खरं माप आहे. पाहुणे वाढले म्हणून त्यात तांब्याभर पाणी घातलंत की सगळा हिशोब गेला.

वरची फोडणी वाढताना: तेल चांगलं तापवून मोहरी, हिंग, भरपूर ठेचलेला लसूण बदामी होईतो, मग दोन-तीन सुक्या लाल मिरच्या. ही फोडणी आम्ही भांड्यावरही घालतो आणि ताटात वरून वेगळीही घेतो. वडिलांना लसणाचं तेल द्या, मिरची बाजूला काढा.

पोटाचं आता सविस्तर सांगते, कारण यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. डाळींमध्ये काही साखरी अशा असतात की त्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात जातात, तिथले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू धरतो. भिजवलेलं पाणी टाकल्याने त्या साखरींचा काही भाग निघून जातो. पूर्ण शिजवल्याने डाळीतली प्रथिनंही जास्त चांगली पचतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या असं मला वाटतं: कणी राहिलेला चणा, रात्रीचं जेवण, आणि बरेच दिवस हलकं खाल्लेलं पोट. म्हणून त्यांच्यापुरता बदल असा करा. पहिले आठ-दहा दिवस चण्याच्या डाळीऐवजी तेवढीच मुगाची डाळ घ्या. प्रथिनं कमी होत नाहीत, उलट किंचित वाढतात, आणि मूग पोटाला हलका. शेंगदाणे अख्खे न घालता भाजून कूट करून घाला, म्हणजे चावायचाही प्रश्न नाही. त्यांची वाटी मात्र खुशाल घोटून द्या. बाकीच्यांसाठी चणा हवाच असेल तर कुकरमध्ये दोन डबे लावा, एकात तूर-मूग, दुसऱ्यात चणा-शेंगदाणे. डब्यात डाळ शिजायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढा द्या. आणि हे जेवण दुपारचं ठेवा.

सुरुवातीला अर्धी वाटी, दोन-तीन दिवसांनी पाऊण, मग पूर्ण. एकदम दाट डाळ पोटभर दिलीत तर पोट बिघडेल आणि वडील डाळीलाच नाव ठेवतील. ते पूर्ण वाटी संपवू शकत नसतील तरी ती पातळ करू नका. थोडी पण दाट द्या, आणि उरलेली प्रथिनं दिवसभरात वाटून टाका. सकाळी मुगाचं धिरडं, मधल्या वेळी दही, झोपताना दूध. म्हाताऱ्या माणसाच्या पोटात एका बैठकीत सगळं कोंबायला जाऊ नये.

सोयाबीनच्या वड्यांबद्दलही तुम्ही विचारलंत. त्यांत १०० ग्रॅममागे पन्नासच्या वर प्रथिनं असतात, म्हणजे २५ ग्रॅम कोरड्या वड्या चार जणांच्या भाजीत बारीक करून घातल्या तर बारा-तेरा ग्रॅमची भर पडते. हिशोबाला चांगलं आहे, पण डाळभाजीत मी घालत नाही. त्यांचा वास चुक्याशी जमत नाही. वड्यांची मटार घालून वेगळी सुकी भाजी करा. पनीरही तसंच, १०० ग्रॅममागे अठराच्या आसपास प्रथिनं. ते कुस्करून पोळीच्या सारणात जातं, वडिलांना चावायला सोपं.

सोबत पोळी, ज्वारीची भाकरी किंवा भात, यांपैकी काहीतरी हवंच. डाळ-भाताची जोडी नुसती सवयीची नाही. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. धान्यात त्यातलं लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते धान्यात बरं. तिळात ते आणखी चांगलं असतं, म्हणून ताटात तिळाची चटणी असली तर उत्तम. दोन्ही एकाच घासात जायला पाहिजेत असं नाही, दिवसभरात पोटात गेली तरी पुरतं. वाढताना वरून लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वाने डाळीतलं लोह चांगलं शोषलं जातं. जेवल्यावर लगेच चहा घेत असतील तर तो तासभर पुढे ढकला.

एक शेवटचं, तुम्ही नोकरी सांभाळून हे करताय म्हणून. डाळ आणि शेंगदाणे दोन दिवसांचे एकदम शिजवून, निवले की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. पालक मात्र रोज ताजा, त्याला दहा मिनिटं लागतात. फ्रीजमधली डाळ दगडासारखी आळते, ती बघून घाबरून भसाभस पाणी ओतू नका. आधी गरम करा, ती आपोआप सैल होते, मग लागलं तर अर्धी वाटी आधणाचं पाणी. मुगाची डाळ घालून पहिल्यांदा कराल तेव्हा कुकरची वेळ बारावरून आठ मिनिटांवर आणा. आणि वडिलांना त्या दिवशी पोटाला कसं वाटलं ते कळवा, त्यावरून चणा परत कधी आणायचा ते सांगता येईल.